दोघींच्या नावाचं खातं

राजूर, २७ जुलै २०२५

पायल,

"पैसा पोरीचा हाय, मंग सही बी पोरीलाच शिकव," असं तुझी आजी बँकेतल्या बाकावर बसून म्हणाली होती, कॅशियरलाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात. तू तेव्हा अकरा वर्षांची होतीस. दोन म्हशी विकून आलेले साठ हजार तिनं पिंपळगावहून आणले होते, ब्लाउजपीसमध्ये बांधून, तुझ्या नावानं एफडीत ठेवायला. मी म्हणाले, आई, लहान आहे अजून, माझीच सही चालते. तर म्हणाली, "तुहीच चालती म्हून तर म्हणून राह्यले."

आजीला जाऊन तीन वर्षं झाली. हे वाक्य मला इतक्या वर्षांत कधी आठवलं नव्हतं. गेले काही दिवस स्वयंपाक करताना, केर काढताना तेच आठवतं आहे.

आज एकोणीस दिवस झाले. माझ्या नंबरवरून फोन लावला की एकदाच वाजतो आणि बंद पडतो. पप्पांच्या फोनवर तू बोलतेस, हे मला माहीत आहे. दुकानात नारळाची पोती लावता लावता ते बोलतात. जेवली का, ड्युटी कोणत्या वॉर्डात लागली, एवढंच. मी दुकानात आले की फोन दुसऱ्या कानाला लावतात. मी मागत नाही. म्हणून हे पत्र, होस्टेलच्या पत्त्यावर. फोन बंद करता येतो, पाकीट निदान हातात तरी पडेल.

माझी बाजू एकदा ऐकून घे.

मागच्या वर्षी नर्सिंगला नंबर लागला तेव्हा खातं कुठं काढायचं यावर घरात आठ दिवस चर्चा चालली होती, आठवतं? तातेरावकाका म्हणत होते आमच्या पतसंस्थेत काढा, अर्धा टक्का जास्त देतो. तुला जालन्यातली ती काचेच्या दाराची बँक हवी होती, कारण तिचं कार्ड काळं होतं. मी तुला समोर बसवून तेच विचारलं जे मी बँकसखी म्हणून गावोगावच्या बायांना विचारते. खात्यात कमीत कमी किती ठेवावे लागतात? नाही ठेवले तर किती कापतात? कार्डाचे वर्षाला किती? शाखा कॉलेजपासून किती लांब? काळ्या कार्डाच्या बँकेत पाच हजार कायम पडून हवे होते. विद्यार्थ्याच्या खात्यात पाच हजार पडून राहत असते तर तो विद्यार्थी कशाला राहिला असता, असं तूच म्हणालीस आणि हसलीस. शेवटी आपल्याच बँकेत विद्यार्थ्यांचं खातं काढलं. शिल्लक शून्य असली तरी चालते, आणि तिची शाखा तुझ्या कॉलेजच्या समोरच्या गल्लीत.

ओव्हरड्राफ्टही मीच सुचवला. आजीची एफडी मोडायची नाही, पण अडचण आली तर तिच्यावर पन्नास हजारांपर्यंत उचलता यावेत. खात्यातले आपले पैसे संपले की बँक तिचे देते, आणि जेवढे उचलले तेवढ्याचंच, तेवढ्याच दिवसांचं व्याज. तुला मी एकच नियम सांगितला होता. परत कधी आणि कशातून भरणार हे ज्या खर्चाला आधी सांगता येत नाही, त्या खर्चासाठी उचलायचं नाही. तू तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलास.

मग मला सांग, मी घाबरणार नाही तर काय करणार? जुलैच्या पहिल्या आठवड्यात तेरा हजार पाचशे. तीन दिवसांनी पुन्हा तेरा हजार पाचशे. दोन्ही एकाच नावानं, आर्यन. खाली आकडा होता, एकोणचाळीस हजार उचललेले. पन्नासातले अकरा उरले. रात्रभर बँकेचा तो मेसेज उघडून बघत होते. सकाळी शाखा उघडताच गेले आणि खात्यातून पैसे काढणं बंद करा, असा अर्ज दिला. तुझ्याशी बोलेपर्यंत, एवढ्याचसाठी.

फोनवर मी जे बोलले ते काळजीनं बोलले. एकोणचाळीस हजार कुठं घातले, एवढंच विचारलं. तू म्हणालीस, "एकोणचाळीस?" मी म्हणाले, हो, एकोणचाळीस. तू फोन ठेवलास.

उत्तर तर तू दिलंच नाहीस, पायल. एकदा सांग. मी रागावणार नाही.

तुझी आई

&nbsp;

राजूर, १९ ऑगस्ट २०२५

पायल,

पत्र तुला पोचलं. पोस्टाच्या नोंदीत सही तुझी दिसते.

पाच तारखेला सकाळी सातच्या सुमाराला फोन वाजला. चार हजार सहाशे जमा. पाठवणार, पायल मच्छिंद्र. मी दोनदा वाचलं. खात्यातून पैसे निघत नाहीत, पण आत येऊ शकतात, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. तुझ्या पप्पांना दाखवलं. ते म्हणाले, "बघ, पोरगी भरून राह्यली. आन् तू तिला चोर ठरवून बसली." मी म्हणाले मी चोर म्हणाले नाही. "म्हणली न्हाईस. बँकेत जाऊन लिहून देल्तं."

गेल्या मंगळवारी अंगारकी होती, म्हणून दुकान सोडता आलं नाही. पहाटे तीनपासून दर्शनाची रांग पार बसस्टँडपर्यंत. नारळ संपले, दुपारी पुन्हा आणावे लागले. गुरुवारी मात्र मी संभाजीनगरला आले. हे तुला कुणीतरी सांगितलं असेलच.

मी आर्यनला शोधायला आले होते. आता हे लिहिताना लाज वाटते. तुझ्या होस्टेलच्या वॉचमनला मी आधी वेगळंच काहीतरी सांगितलं, नातेवाईक आहे म्हणून. तो म्हणाला आर्यन म्हणजे मेसवाला का, आणि समोरची पत्र्याची खोली दाखवली. भिंतीवर पैसे भरायचा क्यूआरचा चौकोन लावलेला, वर पिठाचे हात लागलेले, आणि त्याच्याखाली छापलेलं नाव, आर्यन. आत एक बाई पोळ्या लाटत होत्या. बेबीनंदा त्यांचं नाव. मी विचारलं, आर्यन कोण?

"माहा पोरगा. का बरं? काय केलं त्यानं?"

मी म्हणाले, काही नाही, इथं नाव आहे म्हणून.

"माहा फोन साधा हाय, बाई. ते चौकोन माह्या फोनवर बसत न्हाई म्हणले. मंग पोराच्या फोनवर बसवलं. अकरावीत हाय. तव्हापासून सगळ्या पोरी त्यालाच पैसे देऊन राह्यल्या, आन् तो आईला म्हणतो, आई, मी मेसचा मालक."

त्या हसल्या. मी हसू शकले नाही. मी कोण ते सांगितलं. त्यांचं लाटणं थांबलं नाही, पण हसणं थांबलं.

"अच्छा. तुम्ही पायलच्या आई."

मग त्यांनी सगळं सांगितलं, मला एक पोळी आणि वांग्याची भाजी वाढून. नको म्हणाले तरी वाढली. मेसचे महिन्याला सत्तावीसशे. जी मुलगी सहा महिन्यांचे एकदम भरते तिला पाच महिन्यांचेच घेतात, साडेतेरा हजार. जुलैत त्यांना वर्षाचा गहू भरायचा असतो म्हणून. तू त्यांच्यासमोर वहीत गणित मांडलंस म्हणे. सहाव्या महिन्याचे सत्तावीसशे वाचतात. साडेतेरा हजारांचं सहा महिन्यांचं व्याज पाचशे चाळीस, आणि दर महिन्याला फेडत गेलं तर त्याच्याही खाली. "म्या म्हणलं, पोरी, तू नर्स कशाला होती, बँकेत बस." दुसरे साडेतेरा हजार तुझ्या मैत्रिणीचे, संध्याचे. तिच्या स्कॉलरशिपचे पैसे आधारच्या घोळात अडकले होते. ती तुला महिन्याला साडेबावीसशे देते, तू तुझ्या मेसच्या पैशांतले साडेबावीसशे त्यात घालतेस, वर व्याजाचे शंभर. ते हे चार हजार सहाशे.

परत कधी आणि कशातून, हे तुला उचलण्याआधी माहीत होतं. तू माझा नियम शब्दन् शब्द पाळलास. असा नियम मी सहाशे बायांना सांगितला आहे. इतका नीट वापरलेला मी अजून पाहिला नाही.

आणि मग त्यांनी आठ जुलैचं सांगितलं. परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. खिडकीवर तू तीनदा पैसे पाठवायचा प्रयत्न केलास, तीनदा लाल खूण आली. मागे वीस-पंचवीस मुली उभ्या. क्लार्क म्हणाला, खात्यात पैसे नसतील तर रांग अडवू नका. तू खिडकी सोडून मेसमध्ये आलीस आणि पिठाच्या डब्यावर बसून राहिलीस. बेबीनंदाताईंनी तुझ्याच ॲडव्हान्समधले चौसष्टशे काढून दिले, तेव्हा फॉर्म गेला.

फॉर्म गेला नसता तर तुझं वर्ष गेलं असतं. हे मी पाच दिवस, काम करताना, गाडीत बसताना, सतत मोजते आहे. चौसष्टशे रुपये, आणि एक वर्ष.

मी थांबले नाही. मुली एकला जेवायला येतात, थांबा, असं त्या म्हणाल्या होत्या. पण मला बस होती.

माझं चुकलं, पायल. सत्तावीस हजारांचा हिशोब लागला.

सुट्ट्या संपताच काल मी शाखेत गेले, अर्ज मागे घेते म्हणाले. साहेबांनी नियम दाखवला. दोघींच्या नावाच्या खात्यातून पैसे काढणं एकीच्या सहीनं थांबतं. पुन्हा सुरू करायला दोघींच्या सह्या लागतात. तू एक दिवस ये. जाण्यायेण्याचं मी बघते. सही कर आणि वाटलं तर बोलूही नकोस.

आई

&nbsp;

राजूर, ७ ऑक्टोबर २०२५

पायल,

सप्टेंबरचे चार हजार सहाशे आले. परवा ऑक्टोबरचे आले. दोन्ही वेळा पाच तारीख, दोन्ही वेळा सकाळी साडेसातच्या आत. म्हणजे ड्युटीवर निघण्याआधी. म्हणजे तब्येत बरी असणार. मी अशी गणितं करत बसते.

सही करायला तू आली नाहीस. त्याबद्दल हे पत्र नाही.

बेबीनंदाताईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. मागच्या पत्रात मी ती लिहिली नाही. मी निघताना त्या म्हणाल्या, "एक विचारू का, ताई? पोरगी म्हणून राह्यली, सत्तावीस तिचे हायत. वरचे बारा कोनाचे?"

मी म्हणाले, बघते. आणि निघाले. अजून साडेबाराही वाजले नव्हते. माझी बस अडीचची होती. दोन तास मी स्टँडवर बसून होते.

वरचे बारा हजार माझे आहेत.

मागच्या डिसेंबरात आपल्या बचत गटातल्या गिरिजाबाईंचे तीन हप्ते थकले होते. नवरा दवाखान्यात होता. हप्ते थकले तर सगळ्या गटाचं नवं कर्ज अडतं. दहा बाया आणि त्या गटाची सखी मी. मी आपल्या खात्यावरून बारा हजार काढले आणि त्यांच्या नावानं भरले. स्लिपवर माझी एकटीची सही पुरली. दोघींपैकी कुणीही एकीनं काढावे, असंच खातं मी काढलेलं होतं. मनात म्हणाले, महिनाभरात ठेवून देईन.

गिरिजाबाईंनी मार्चमध्ये सगळे परत दिले. मी ते दुकानाच्या मालात घातले.

मग विसरले, असं मी इथं लिहिणार होते. कालचा कागद त्याच वाक्यावर फाडला. विसरले नव्हते. संक्रांतीला तू घरी आलीस, चुलीपाशी बसून फोनमध्ये बघत होतीस. तू विचारलंस, "आई, खात्यात बारा हजार उचललेले कसे दिसतात?" मी तिळगुळाचा पाक ढवळत होते. म्हणाले, बँकेचा काहीतरी घोळ असेल, मी बघते. तू लगेच मान हलवलीस. बँकेतलं मला कळतं, यावर तुझा इतका विश्वास होता की तू पुन्हा कधी विचारलंही नाहीस.

आणि जुलैत मी तुला विचारलं, एकोणचाळीस हजार कुठं घातले. माझे बारा तुझ्या नावावर घालून. रागात बेरीज वाचली, असंही म्हणता येईल. पण तू जेव्हा म्हणालीस, "एकोणचाळीस?" तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं. त्याच क्षणी आलं होतं. तरी मी म्हणाले, हो, एकोणचाळीस. त्यानंतर आणखी एक वाक्य म्हणाले, पोराच्या नादानं आजीच्या म्हशी विकून खाल्ल्या का. ते पहिल्या पत्रात लिहिलं नाही.

आणखी एक. मेसेज. खातं काढताना फॉर्मवर तुझा नंबर होता, तुझं यूपीआय त्याच्यावर चालतं. मेसेजसाठी मी माझाही नंबर खाली लिहिला. तुला सांगितलं नाही. वर्षभर तुझा दिवस मला कळत होता. वीस रुपये चहा. तीनशे चाळीस मेडिकल. तेव्हा तुला ताप होता ना? मी त्या रात्री फोन करून उगाच विचारलं, घसा कसा आहे, आणि तू म्हणालीस, तुला कसं कळलं, आई? मी म्हणाले, आईला कळतं. तुला बरं वाटलं होतं ते ऐकून. आवाजावरून कळलं होतं मला.

ते आईपण नव्हतं, मेसेज होता. आता तू हे सगळं ओळखलं असशील. म्हणून मी लिहिते, आधीच ओळखलेलं असलं तरी माझ्या हातानं लिहिलेलं असावं.

आणि खातं काढतानाचं. साहेबांनी विचारलं होतं, एकटीच्या नावावर की दोघींच्या. तू माझ्याकडे बघितलंस. तुझं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, दोघींच्या. अठरा वर्षं पूर्ण होऊन तुला चार महिने झाले होते. विद्यार्थ्यांचं खातं तुझ्या एकटीच्या नावावर निघत होतं. सगळ्या गावाला मी चार प्रश्न शिकवते, पण खातं कुणाच्या नावावर हवं, हा त्यात नाही. मला तो कधी सुचलाच नाही.

काल मी बारा हजार आठशे भरले. आठशे माझ्या दहा महिन्यांचं व्याज. या महिन्याची भिशी मला लागली होती, त्यातून. तुझ्या पप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दुकानात घातले ना? मंग आर्धे माहे. आर्धे मला लिहायला सांगती का?" मी म्हणाले, नको. "मला लिहता बी येत न्हाई बराबर," म्हणाले आणि दुकानात गेले. त्यांना चांगलं लिहिता येतं, तुला माहीत आहे.

माफी मागत नाही. मागितली की तुला ती द्यावी लागेल किंवा नाकारावी लागेल, आणि दोन्हीचं ओझं तुझ्यावरच. तुझी परीक्षा जवळ आली आहे.

आई

&nbsp;

राजूर, २७ ऑक्टोबर २०२५

पायल,

दिवाळीत तू आली नाहीस. वॉर्ड सोडता येत नाही, असं तू पप्पांना सांगितलंस. खरंच असेल. दिवाळीत आजारी माणसं काही कमी होत नाहीत.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पप्पा चिवडा आणि शंकरपाळे घेऊन आले होते, ते तुला भेटलेच. परत आल्यावर मी विचारलं, कशी आहे? म्हणाले, "बारीक झाली." जेवते का? "जेवती." माझं काही विचारलं? त्यांनी चप्पल काढली, कोपऱ्यात लावली, पाय धुतले. "तुला खोटं सांगू का खरं?" म्हणाले. मी म्हणाले, राहू द्या.

डब्यात शंकरपाळे जास्त होते. एक पिशवी बेबीनंदाताईंना दे.

आई

&nbsp;

राजूर, २९ डिसेंबर २०२५

पायल,

परीक्षा झाली, पेपर बरे गेले, हे पप्पांकडून कळलं. मी देवळात जाऊन आले. नारळ आपल्याच दुकानातला नेला तर तुझे पप्पा म्हणाले, "पैसे ठेव. घरातल्यांनाच उधारी नको." मी वीस रुपये ठेवले. आम्हा दोघांनाही तेवढंच हसायला निमित्त झालं. बऱ्याच दिवसांनी.

शुक्रवारी साहेबांनी मला शाखेत बोलावून घेतलं. तू तुझ्या तिकडच्या शाखेत दिलेला अर्ज इथं आला आहे. खातं बंद करायचा. कारणाच्या रकान्यात लिहिलं आहेस, नवीन खातं काढले आहे. अक्षर किती नीट झालं आहे तुझं. पहिल्या सहीच्या जागी तुझी सही, दुसरीची जागा रिकामी. साहेब म्हणाले, "ताई, घाई नाही. मुलीशी बोलून घ्या." त्यांना वाटतं आपण बोलतो.

ज्यातून हप्ते पाठवतेस ते नवीन खातं एकटीच्या नावावर काढलंस, तेही शून्य शिल्लकीचं, आणि स्कॉलरशिपसाठी आधार त्याला जोडून घेतलंस, असं पप्पा सांगत होते. योग्य केलंस. कुणी शिकवलेलं नसताना पाचवा प्रश्न तुला सुचला. आता मी गटातल्या बायांना तोच पहिला विचारते. परवा एकीनं पोरीचं खातं काढायला आणलं, तेव्हा मी त्या पोरीला बोलू दिलं. तिला बोलायला बराच वेळ लागला. तिची आई दोनदा मधे बोलायला गेली, मी दोनदा हात धरला.

अर्जावर मी सही केली आहे. तो या पत्रासोबत आहे. शाखेत ठेवला असता तर चाललं असतं, पण तुझ्याच हातात असावा असं वाटलं. तू हवा तेव्हा दे. मेसेजमधून माझा नंबर काढायचा अर्जही सोबत आहे. तो मी ऑक्टोबरातच लिहिला होता. तीन महिने पर्समध्ये घेऊन फिरले, दिला नाही. खातं बंद झालं की त्याची गरज नाही, तरी पाठवते. आजीच्या एफडीची पावतीही आहे. ओव्हरड्राफ्ट फिटला की तिच्यावरचा बँकेचा हक्क सुटतो. ती आधीपासून तुझ्याच नावावर आहे, आता तुझ्याकडेच ठेव. आजीनं बाकावर बसून जे सांगितलं होतं ते करायला मला आठ वर्षं लागली.

आता जे लिहायचं आहे, त्यासाठी हे पत्र तीन दिवस अडलं होतं.

पाच जानेवारीला शेवटचा हप्ता. ऑगस्टपासून पाच वेळा पाच तारीख आली आणि पाच वेळा फोन वाजला. त्या दिवशी मी चहा करत नाही, आधी मेसेज येऊ देते. नोव्हेंबरात आठ वाजेपर्यंत आला नाही, तर मी दार उघडं टाकून दुकानात पळाले. पप्पा म्हणाले, "आज सुट्टी आसंल, झोपू दे तिला." साडेआठला आला. तुझ्याबद्दल मला जे काही कळतं ते एवढंच आहे. पाच तारखेला ती उठली, तिच्या हातात पैसे होते, तिनं ठरल्याप्रमाणे पाठवले. सहावा आला की संपलं.

मी हिशोब केला. सत्तावीस हजार मुद्दल. व्याज सहा महिन्यांचं मिळून सहाशे तीसच्या आसपास होतं. तू सहा वेळा शंभर घातलेस म्हणजे सहाशे. पाच तारखेनंतर खात्यात तीस रुपये बाकी राहतील. तू हे माझ्याआधी मोजलं असशील. या वेळी चार हजार सहाशे तीस पाठवायचे, असं वहीत लिहूनही ठेवलं असशील.

खात्यावर काही बाकी असेल तर ते बंद करत नाहीत. अर्ज तसाच पडून राहतो. तीस रुपयांवर महिन्याला वीस पैसे व्याज पडेल. ते मी भरेन, वर्षाचे एकदम. खात्यातून पैसे निघत नाहीत, म्हणून तुला त्यात धोका काही नाही. आजीच्या एफडीवर बँकेचा हक्क राहील, पण तोही तीस रुपयांपुरताच. तुझं नवं खातं, तुझी स्कॉलरशिप, तुझं सगळं वेगळं राहील. फक्त कुठंतरी एका पासबुकाच्या पहिल्या पानावर तुझं नाव आणि त्याच्याखाली माझं नाव, एवढं राहील. तुला कधी वाटलं, वर्षानं, पाच वर्षांनी, तर तीस रुपये पाठवायला एक जागा असेल.

मी दारोदार फिरून बायांना सांगते, रुपयाही मागे ठेवू नका, बाकी लहान असली तरी बाकीच असते. तू लहान असताना माझं बोट धरून या बैठकांना यायचीस आणि माझ्याबरोबर ते वाक्य म्हणायचीस. तू मागे ठेवणारी मुलगी नाहीस. ते मला ठाऊक आहे, आणि तरी लिहिते.

ते तीस रुपये भरू नकोस, पायल.

आई